फोटोत न दिसणारी आई

मोटारीच्या मागच्या सीटवर एक माणूस बसला आहे आणि त्याच्या कुशीत एक मादी गोरिला आहे. ती त्याला बिलगली आहे. त्यानंही तिला असं धरलं आहे, की एसटीच्या लांबच्या प्रवासात आई पेंगलेलं लेकरू धरते तसं. कुणी मुद्दाम बसवून, 'जरा इकडे बघा' म्हणून काढलेला हा फोटो नाही. गाडी खडबडीत रस्त्यानं हिंदकळत चालली होती आणि शेजारच्या छायाचित्रकार बाईंनी कॅमेऱ्याची कळ दाबली.

जो-ॲन मॅकार्थर हे त्या बाईंचं नाव, त्या कॅनडाच्या. फोटो आफ्रिकेतल्या कॅमेरून देशातला. लंडनचं नॅचरल हिस्टरी म्युझियम दरवर्षी वन्यजीव छायाचित्रांची स्पर्धा घेतं. त्या खेपेला जवळपास ५० हजार छायाचित्रं आली होती. त्यातली २४ निवडून म्युझियमनं ती लोकांपुढे ठेवली आणि सांगितलं, आता तुम्हीच ठरवा. सुमारे २० हजार लोकांनी मतं दिली आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये निकाल लागला, तो या फोटोच्या बाजूनं. म्हणजे पंचांनी दिलेलं नव्हे, बघ्यांनी दिलेलं हे बक्षीस आहे. मला आज बोलायचं आहे ते गोरिलाविषयी थोडं आणि या बघ्यांविषयी जास्त. बघे म्हणजे आपण सगळेच.

आधी शब्दाचा एक गुंता सोडवून घेऊ. आपल्या बोलण्यात 'माकड' हा एकच शब्द सगळ्यांना पुरतो. खेड्यातला माणूस मात्र फरक करतो. लाल तोंडाचं ते माकड. काळ्या तोंडाचं, लांब शेपटीचं ते वानर किंवा वांदर. गोरिला, चिंपांझी, ओरांगउटान हे या दोन्हींत बसत नाहीत. त्यांना शेपूट नसते, मेंदू मोठा असतो आणि नात्यानं ते माकडापेक्षा माणसाला जवळचे आहेत. मराठीत त्यांच्यासाठी 'मानवसदृश कपी' असा शब्द घडवलेला आहे. जरा पुस्तकी आहे खरा, पण अर्थ चोख आहे. भारतात कपी म्हणावा असा प्राणी फक्त एक, ईशान्येकडच्या जंगलातला गिबन. महाराष्ट्रात तर एकही नाही. त्यामुळे कपीचा फोटो पाहताना आपण मनात आपल्या ओळखीचं माकडच पाहत असतो. आणि माकड पाहताना आपल्या मनात काय काय जागं होतं, हे मी गुलमंडीवाल्यांना सांगायला नको.

छत्रपती संभाजीनगरात, म्हणजे जुन्या औरंगाबादेत, गुलमंडी ठाऊक नाही असा माणूस विरळा. पैठण गेटकडून टिळकपथानं चालत आलात, की गर्दीच तुम्हाला चौकात आणून सोडते. कापड, भांडी, बांगड्या, पूजेचं साहित्य. आणि या सगळ्या व्यापाराच्या ऐन मध्यावर सुपारी मारुती. शनिवारी तिथं तेल आणि रुईच्या माळा घेऊन उभं राहणाऱ्यांची रांग असते. दुकान उघडण्याआधी हात जोडणारे व्यापारी असतात, परीक्षेला निघालेली पोरं असतात. ज्या चौकाचा राखणदारच कपिकुळातला, त्या चौकात गोरिलाचा फोटो लोक कोणत्या नजरेनं पाहतील, याची मला उत्सुकता होती.

मी इतिहासाचा मास्तर. कागद हातात आला, की तो कुणी लिहिला, कधी लिहिला, त्याच्या आधी काय घडलं आणि नंतर काय घडलं, हे विचारायची सवय हाडीमाशी खिळलेली. फोटो म्हणजे तरी काय, कागदच. मी तो वर्तमानपत्रातून कापून ठेवला, खालची माहितीची ओळ मागं दुमडली आणि आठ-दहा दिवस खिशात घेऊन हिंडलो. जो भेटेल त्याला एकच प्रश्न: यात तुम्हाला काय दिसतं?

चहावाल्यानं क्षणभर पाहिलं आणि म्हणाला, "बाप आहे हो हा. पोरीला दवाखान्यात नेतोय." मारुतीच्या रांगेतल्या एका आजींनी कात्रणाला हात लावून तो हात कपाळाला लावला. त्यांच्यापुरता प्रश्नच मिटला होता. कॉलेजातली दोन पोरं हसली. "सर, कॉम्प्युटरवर जोडलंय हे. असं कुठं असतं का?" शेजारचे एक निवृत्त आरोग्य कर्मचारी गंभीर झाले. त्यांना माया दिसली नाही, खोकला दिसला. "एकमेकांच्या तोंडाशी तोंड. कुणाचा रोग कुणाला लागेल, नेम नाही." तेव्हा मला त्यांचं बोलणं अरसिकपणाचं वाटलं. त्यांच्या म्हणण्याकडे मी पुढे येणारच आहे.

सगळ्यात वेगळं बोलले ते ओढण्या रंगवून देणारे एक चाचा. हात निळे होते म्हणून त्यांनी कात्रण हातात घेतलं नाही. मला धरायला लावलं आणि चष्मा वर करून बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, "सर, इसकी अम्मा किधर है?"

लंडनच्या त्या २० हजार मतदारांनी काय विचार केला असेल, मला ठाऊक नाही. पण या फोटोला विचारायचा पहिला प्रश्न हाच आहे. गोरिलाचं पिल्लू आईला तीन-चार वर्षं सोडत नाही. आधी पोटाशी, मग पाठीवर. मग ते माणसाच्या कुशीत आलं कसं?

मागं दुमडलेल्या ओळीत त्याचं अर्धं उत्तर होतं. गोरिलाचं नाव पिकिन. तिकडच्या मोडक्यातोडक्या इंग्रजी बोलीत पिकिन म्हणजे लेकरू. तिला जंगलातून पकडलेलं होतं आणि तिचं मांस विकलं जाणार होतं. कॅमेरूनमधल्या 'एप ॲक्शन आफ्रिका' या संस्थेनं तिला सोडवलं. फोटो काढला त्या दिवशी तिला जुन्या आवारातून जंगलातल्या मोठ्या आवारात नेत होते. त्यासाठी गुंगीचं औषध दिलं होतं; पण वाटेतच ती जागी झाली. अर्धवट गुंगीत, हलत्या गाडीत जागी झालेली गोरिला म्हणजे गाडीतल्या सगळ्यांच्या जिवावरचा प्रसंग. पण ती ज्याच्या हातात होती तो तिचा रोजचा सांभाळणारा होता, अपोलिनेर न्दोहुदू. ती शांत राहिली. हा अपोलिनेर मूळचा चाड देशाचा. तिथल्या यादवी युद्धामुळे घरदार सोडून कॅमेरूनला आलेला. म्हणजे त्या सीटवर बसलेले दोघेही आपापल्या मुलखातून उखडलेले होते.

चहावाल्याचा 'बाप' चुकीचा नव्हता. पण बापाची गरज का पडली, हे फोटो सांगत नाही. मध्य आफ्रिकेच्या जंगलात मांसासाठी मोठी गोरिला मारतात. पिल्लाच्या अंगावर मांस ते किती. म्हणून ते जिवंत विकायला ठेवतात. अनाथालयातल्या बहुतेक पिल्लांची कथा हीच असते. माणसाच्या कुशीतल्या एका पिल्लामागं एक मेलेली आई असते, आणि पुष्कळदा तिला वाचवायला धावलेले कळपातले इतरही.

यासाठी आफ्रिकेत जायला नको. आपल्या गडचिरोलीतच अशी एक आई होऊन गेली. बाबा आमट्यांनी डिसेंबर १९७३ मध्ये भामरागडजवळ हेमलकसा इथं लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला आणि डॉक्टर प्रकाश आमटे, मंदाताई तिथं राहायला गेले. सुरुवातीच्याच दिवसांत जंगलातून जाताना प्रकाशरावांना शिकार करून परतणारे माडिया भेटले. त्यांच्याजवळ मारलेली माकडीण होती आणि तिच्या छातीला एक जिवंत पिल्लू चिकटलेलं होतं, दूध शोधत. या पिल्लाचं काय करणार, असं विचारल्यावर त्यांनी सरळ उत्तर दिलं: खाणार. माडियांना दोष देण्यात अर्थ नव्हता. ज्याच्या घरात धान्य नाही, त्याला दयेचं व्याख्यान देऊन काय उपयोग? प्रकाशरावांनी मोबदला देऊन ते पिल्लू मागून घेतलं. त्याचं नाव बबली. हेमलकशाच्या प्राण्यांच्या अनाथालयाची सुरुवात बबलीपासून झाली. पुढे बिबटे आले, अस्वलं आली, तरस आले आणि त्यांच्यासोबतचे डॉक्टरांचे फोटो महाराष्ट्रातल्या घराघरांत पोचले. ते पाहून माझ्यासकट हजारोंना भरून आलं. पण प्रकाशरावांचं मला विशेष वाटतं ते असं, की ते बबलीची गोष्ट कधी तिच्यापासून सुरू करत नाहीत. तिच्या मेलेल्या आईपासून सुरू करतात आणि शिकाऱ्याच्या रिकाम्या पोटापर्यंत नेतात. फोटोच्या चौकटीबाहेरचं जे, ते आधी सांगतात.

आता अशा फोटोंतला बहुधा सगळ्यात प्रसिद्ध फोटो घेऊ. साल १९६४. टांगानिका सरोवराकाठचं गोंबेचं जंगल. जेन गुडाल ही तरुण इंग्रज बाई तिथं चार वर्षांपासून चिंपांझींच्या मागं मागं हिंडत होती. फ्लो नावाच्या मादीला त्या वर्षी फ्लिंट हे पिल्लू झालं. जेन वाकून बसली आहे आणि फ्लिंटनं इवलासा हात तिच्याकडे पुढे केला आहे. फोटो ह्यूगो व्हॅन लाविक यांचा. त्याच वर्षी ते आणि जेन विवाहबद्ध झाले. हा फोटो जगभर गेला आणि लोकांना वेड लागायचं बाकी राहिलं. मायकेलँजेलोनं रोमच्या छतावर ईश्वराचं बोट आणि आदमाचं बोट रंगवलं आहे, त्याच्याशी लोकांनी याची तुलना केली. पिढ्यान् पिढ्या मुली हा फोटो पाहून प्राणिशास्त्राकडे वळल्या. हे यश लहान नाही.

पण मास्तरकीची खोड जात नाही. या फोटोच्या नंतर काय झालं? चिंपांझी जवळ यावेत म्हणून तिथं केळी ठेवली जात होती. त्यासाठी ते एका जागी गर्दी करू लागले, आपसात भांडू लागले. १९६६ साली गोंबेच्या चिंपांझींत पोलिओची साथ आली. काही मेले, काही जन्माचे लुळे झाले. शेवटी त्याच केळ्यांतून त्यांना लस द्यावी लागली. माणसाचे रोग कपींना होतात, आणि आपल्याला साधं पडसं वाटतं ते त्यांच्या जिवावर बेततं, हे पुढे पक्कं कळलं. आमचे आरोग्य कर्मचारी शेजारी गुलमंडीवर उभं राहून जे म्हणाले होते, ते हेच. गोंबेतला नियम बदलला. हात लावायचा नाही; दुरून पाहायचं. ज्या बाईकडे पुढे आलेला हात साऱ्या जगानं पाहिला, तिनं स्वतः हात मागं घेतला. फ्लिंटही फार जगला नाही. १९७२ साली फ्लो गेली आणि त्यानंतर काही आठवड्यांतच, खाणंपिणं टाकलेला फ्लिंट गेला. जेनबाई १ ऑक्टोबर २०२५ रोजी, ९१व्या वर्षी वारल्या, तेव्हा जगभरच्या श्रद्धांजलींमध्ये पुन्हा तोच फोटो दिसला. हात मागं घेतल्याचा फोटो कुणाकडे असणार? तो निघतच नाही.

फेब्रुवारी २०२० मध्ये आणखी एका हातानं असाच कल्लोळ केला. अनिल प्रभाकर हे इंडोनेशियात राहणारे भारतीय भूगर्भशास्त्रज्ञ. हौशी छायाचित्रकार. बोर्निओत ओरांगउटान संरक्षणाचं काम करणाऱ्या संस्थेच्या जंगलात ते गेले होते. तिथला एक रखवालदार कमरेभर गढूळ पाण्यात उतरून साप आहेत का ते बघत, गवत काढत होता. काठावर एक ओरांगउटान येऊन बसलं आणि त्यानं त्याच्याकडे हात लांब केला. प्रभाकरांनी फोटो घेतला. तो टाळेबंदीच्या तोंडावर मोबाइल-मोबाइलवरून आपल्यापर्यंतही आला. सोबत ओळी होत्या. माणसातली माणुसकी संपली, प्राण्यात शिल्लक आहे. ज्यानं त्याचं जंगल तोडलं, त्यालाच तो बाहेर काढतोय. माझ्याकडे एका दिवसात तो वेगवेगळ्या मजकुरांसह पाच वेळा आला. शेवटच्या वेळी तर 'सुप्रभात' लिहून.

आणि पाण्यातल्या माणसानं काय केलं? त्यानं तो हात धरला नाही. तो बाजूला सरकला. प्रभाकरांनी नंतर कारण विचारलं, तेव्हा त्यानं सांगितलं, की हे रानटी जनावर आहे, ओळखीचं नाही, कसं वागेल सांगता येत नाही. मला या साऱ्या प्रकरणात सर्वांत शहाणा तोच वाटतो. ओरांगउटाननं मदतीला हात दिला, की खायला मागितलं, की नुसतं कुतूहल होतं, हे त्या जनावरालाच ठाऊक. पण जगानं ठरवून टाकलं, आणि रखवालदाराचा शहाणपणा कुठल्याच 'सुप्रभात'मध्ये आला नाही.

कुणी म्हणेल, मास्तर, बिघडलं काय? चार घटका मन हळवं झालं तर तुमचं काय गेलं? प्रश्न रास्त आहे. शिकागोच्या लिंकन पार्क प्राणिसंग्रहालयातल्या संशोधकांनी यावर एक साधा प्रयोग केला; तो २०११ साली प्रसिद्ध झाला. चिंपांझीचा एकच फोटो. काही लोकांना तो जसाच्या तसा दाखवला. काहींना त्यात चिंपांझीशेजारी माणूस उभा असलेला दाखवला. बाकी तसूभर फरक नाही. मग प्रश्न विचारले. माणूस शेजारी असलेला फोटो ज्यांनी पाहिला, त्यांच्यात जंगलातले चिंपांझी सुखरूप आहेत, भरपूर आहेत असं समजण्याची शक्यता सुमारे ३५ टक्क्यांनी जास्त निघाली. आणि हा प्राणी घरी पाळायला छान, असं वाटण्याची शक्यता सुमारे ३० टक्क्यांनी जास्त. खरी गोष्ट अशी, की चिंपांझी संकटात आहेत आणि पिकिनच्या जातीचा गोरिला तर नामशेष होण्याच्या काठावर उभा आहे. म्हणजे माणूस चौकटीत आला, की बघ्याला जनावराची काळजी वाटेनाशी होते. आहे ना कुणीतरी जवळ! आणि 'पाळायला छान' वाटणाऱ्यांपैकी कुणाच्या खिशात पैसे असतील, तर त्याच्यासाठी कुठल्या तरी जंगलात आणखी एक आई मारली जाते. चाचांच्या प्रश्नाचं उरलेलं अर्धं उत्तर ते हे.

बघ्यांची दुसरी तऱ्हा आपल्या मराठवाड्यानंच जगाला दाखवली. बीड जिल्ह्यातलं माजलगाव तालुक्यातलं लवूळ गाव. २०२१च्या अखेरीस तिथली वानरं कुत्र्यांची पिल्लं उचलून झाडांवर, छपरांवर नेऊ लागली. पिल्लं वरून पडून किंवा उपाशी मरू लागली. वन खात्यानं डिसेंबरात दोन वानरं पकडली. गावाचा त्रास खरा होता. पण छपरावर पिल्लू घेऊन बसलेल्या वानराची दृश्यं बाहेर पडली आणि लंडन-न्यूयॉर्कपर्यंत मथळे गेले: कुत्र्यांनी वानराचं पिल्लू मारलं, त्याचा हा सूड. शेकड्यांनी आकडे छापून आले. वानरांचा अभ्यास करणारी मंडळी सांगत होती, की सूडाला पुरावा नाही. वानरांच्या माद्यांना दुसरीचं पिल्लू घेऊन मिरवायची सवय असते. पिल्लाला खायला काय लागतं हे त्यांना कळत नाही आणि उंचावरून ते पडतं. पण एवढं ऐकायला सवड कुणाला? गंमत पाहा. हेच वानर, हेच पिल्लू; खाली कुणी 'मातृप्रेमाला जात नसते' अशी ओळ लिहून पाठवलं असतं, तर आपण डोळे पुसले असते. एकच दृश्य. वात्सल्य म्हणा नाही तर टोळीयुद्ध. दोन्ही वेळा वानराला कुणी विचारलेलं नाही.

श्रोतेहो, फोटोला दोष देऊन चालणार नाही. त्याला एकच क्षण पकडता येतो. ती त्याची जातकुळी आहे. पण गुलमंडीपासून शंभरेक किलोमीटरवर अजिंठ्याला काही चित्रकार पंधराशे वर्षांपूर्वी याच विषयाला भिडले होते. माणूस आणि वानर यांचं नातं त्यांनी काढलं, आणि एका क्षणावर थांबायचं नाकारलं. सतरावं लेणं. वाकाटक राजा हरिषेणाच्या काळातलं, पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातलं. या लेण्यात महाकपी जातकं दोन आहेत. बहुतेक गाईड पहिलं दाखवतात आणि पुढे चालतात.

पहिलं सगळ्यांना आवडतं. गंगेकाठी आंब्याचं झाड. त्यावर वानरांचा मोठा कळप. एक आंबा नदीतून वाहत काशीच्या राजाला मिळतो. त्याची चव जिभेवर राहते आणि राजा धनुर्धाऱ्यांसह झाडापाशी येतो. वानरांचा राजा पैलतीरावर उडी घेतो, वेत कमरेला बांधून परत झेपावतो. वेत थोडा आखूड पडतो, तेव्हा तो स्वतःचं शरीर ताणून त्याला जोड देतो. कळप त्याच्या पाठीवरून पार होतो. त्याची पाठ मोडते. राजा त्याला खाली उतरवून घेतो, शुश्रूषा करतो आणि मरत्या वानराकडून राज्य कसं करावं ते ऐकतो. हीच कथा भारहुतला आणि सांचीलाही कोरलेली आहे. अजिंठ्याच्या भिंतीवर राजाचा लवाजमा आहे, घोडा आहे, नेम धरलेले तिरंदाज आहेत, नदी आहे, वानरं आहेत. माया आणि तीर एकाच भिंतीवर, एकाच वेळी.

दुसरं जातक कडू आहे. काशीचा एक माणूस हरवलेले बैल शोधत रानात शिरतो आणि खोल दरीत पडतो. कित्येक दिवस उपाशी. एक मोठा वानर त्याला पाहतो. एवढं ओझं पेलेल का, म्हणून आधी माणसाच्या वजनाचा दगड पाठीवर घेऊन सराव करतो. मग माणसाला पाठीवर घेऊन वर आणतो. थकून जातो, म्हणतो, मी घटकाभर निजतो, तू जरा राखण कर. माणूस राखण करत बसतो. त्याला भूक लागलेली असते. तो विचार करतो, हेही खाण्याचंच जनावर. आणि दगड उचलून निजलेल्या वानराच्या डोक्यात घालतो.

आता कल्पना करा, दरीच्या काठावर मॅकार्थरबाई किंवा प्रभाकर कॅमेरा घेऊन उभे आहेत. वानराच्या पाठीवर माणूस, दोघं वर येताहेत. कळ दाबली. काय फोटो येईल! वीस हजार काय, वीस लाख मतं मिळतील. आणि तो फोटो खोटाही नसेल. वानरानं खरंच वाचवलं होतं. फक्त दगड पुढच्या क्षणात होता.

अजिंठ्याच्या चित्रकाराची पद्धत अशी, की एकाच पटात तीच पात्रं पुन्हा पुन्हा येतात. इथं वाचवताना, तिथं मारताना. मध्ये चौकट नाही, रेघ नाही. तेलाच्या दिव्याच्या उजेडात भिंतीवर नजर फिरवणाऱ्या भिक्षूला किंवा मुक्कामाला थांबलेल्या व्यापाऱ्याला उचलणारी पाठ पाहून तिथंच डोळे मिटता येत नसत. नजर थोडी सरकली की दगड. आणि वानर म्हणजे सगळे बोधिसत्त्वच, असा भाबडेपणाही त्या चित्रकारांकडे नाही. याच लेण्यात महिष जातकात एक वानर गरीब म्हशाच्या पाठीवर चढून त्याला छळतो आहे. वानर थोर असू शकतो, खट्याळ असू शकतो, माणूस कृतघ्न असू शकतो. सगळ्यांना भिंतीवर जागा आहे.

या चित्रांच्या नकला करायला मेजर रॉबर्ट गिल १८४४च्या सुमारास अजिंठ्याला आला. आयुष्याची उरलेली वर्षं त्यानं बहुतेक त्याच मुलखात काढली. त्याच्या बहुतेक नकला १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. तोवर तो कॅमेराही वापरू लागला होता. लेण्यांचे फोटो त्यानं पुष्कळ काढले. पण काळोख्या लेण्यातली भिंत त्या काळच्या कॅमेऱ्याच्या आवाक्याबाहेर होती, आणि दिवसेंदिवस उभं राहून ब्रशनं उतरवायला लागणारी ती भिंत एका झटक्यात टिपायचीही नव्हती. आजही सतराव्या लेण्यात फ्लॅश मारायला मनाई आहे. बाहेर मात्र पायऱ्यांवर वानरं असतात आणि त्यांच्यापुढे बिस्किटाचा पुडा धरून, दुसऱ्या हातात मोबाइल घेऊन फोटो काढणारे पर्यटक असतात. २०२१ साली जागतिक निसर्ग संरक्षण संघटनेच्या तज्ज्ञांनी कपी-माकडांच्या छायाचित्रांसाठी नियमावलीच काढली. प्राण्याला धरलेला, भरवणारा माणूस फोटोत दाखवू नका. अभ्यासक किंवा सांभाळणारा दाखवलाच, तर तो किमान सात मीटर दूर हवा, तोंडाला मास्क हवा. पिकिनचा फोटो त्या नियमात बसत नाही. ज्या अनाथालयात तिला कुशीत घेणारं माणूसच उरलं आहे, तिथं काय करायचं, यावर तज्ज्ञांमध्येही वाद आहेत. ते मला स्वाभाविक वाटतं.

दुसऱ्या महाकपीची गोष्ट दगडावर संपत नाही, हे सांगायचं राहिलं. डोकं फुटलेला वानर जागा होतो, झटक्यात झाडावर चढतो. माणूस खाली थरथरत उभा. त्याला रानातून बाहेर पडायची वाट माहीत नाही. वानर त्याला टाकून जात नाही. पण आता तो खाली उतरत नाही. तो वरून, एका झाडावरून दुसऱ्या झाडावर जात राहतो आणि माणूस खालून, त्याच्याकडे बघत, त्याच्या मागोमाग चालतो. रान संपेपर्यंत.